चार पार्टिशन, एक डोंगल आणि दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम: एका डीटीपी केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एक ताई डीटीपी केंद्र चालवतात. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वर्षाकाठी एखादी स्मरणिका. सगळं काम एकाच लॅपटॉपवर. सातव्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि मूळची हार्ड डिस्क काढून नंतर बसवून घेतलेली ४८० जीबीची एसएसडी. त्यावर ६४ बिट विंडोज १०.

कामाचा कणा म्हणजे एक जुनं मराठी टंकन पॅकेज. ते यूएसबी डोंगल (पोर्टमध्ये लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. जोडीला पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७, ज्याची ही आवृत्ती २००१ साली आली आणि त्यानंतर नवी मुख्य आवृत्ती निघाली नाही. गावातल्या छापखान्यांची अपेक्षा आजही याच जोडीची असते. पॅकेजची सीडी आता वाचली जात नाही. म्हणजे त्या डिस्कवर जे बसलेलं आहे तेवढंच. ते पुसलं गेलं तर परत बसवायला काही नाही. हे प्रकरण वाचताना ही एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यामुळेच ठरले.

ताईंचा भाचा अभियांत्रिकी पदविकेला आहे. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची कल्पना त्याची. मी अशा कामात लोकांना मदत करतो, म्हणून त्याने मला विचारलं.

अडचण

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. हा लॅपटॉप तिथेच अडला.

ताई याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करत, ग्राहकांच्या मेल उघडत, आणि येईल त्याचा पेनड्राइव्ह लावत. सुरक्षा अद्यतनं थांबलेल्या यंत्रावर हे तिन्ही चालू ठेवणं धोक्याचं होतं. त्याच यंत्रावर न बदलता येणारं पॅकेजही होतं. एका बाजूला बदललंच पाहिजे, दुसऱ्या बाजूला हातही लावता येत नाही, असा हा पेच होता.

समोर असलेले पर्याय

नवा लॅपटॉप हा पहिला विचार. पैशांचा प्रश्न होताच, पण तो घेतला असता तरी पॅकेज त्यावर बसवायला सीडीच नव्हती. म्हणजे जुना लॅपटॉप राहणारच होता. हंगाम संपल्यावर पुन्हा पाहू, असं ताईंनी ठरवलं.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना एक वर्षाची वाढीव सुरक्षा अद्यतनं देऊ केली आहेत. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ज्यांना फक्त वेळ हवा आहे त्यांनी ती जरूर घ्यावीत. ताईंचा प्रश्न मात्र वर्षभरानंतरही तसाच उरला असता.

लिनक्सच्या आत आभासी यंत्र (सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) करून त्यात विंडोज चालवायचं, हा भाच्याचा आवडता पर्याय होता. दोन्ही सिस्टिम एका वेळी चालतात, यंत्र पुन्हा सुरू करावं लागत नाही. पण त्या आभासी यंत्रात पॅकेज नव्याने बसवावं लागणार. बसलेली विंडोज जशीच्या तशी उचलून आत नेता येते, मात्र तिला हार्डवेअर बदललेलं दिसतं, आणि डोंगलवाल्या जुन्या पॅकेजला ते चालेल याची हमी कोण देणार? शिवाय दोन कोअर आणि ८ जीबीत दोन सिस्टिम ओढायच्या. हा पर्याय बाजूला ठेवला.

वाइनवर, म्हणजे लिनक्समध्ये विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या साधनावर, पॅकेज चालवायचं म्हटलं तरी डोंगलचा ड्रायव्हर आडवा येत होता.

उरले दोन रस्ते: लिनक्स वेगळ्या डिस्कवर टाकायचं, किंवा त्याच एसएसडीवर विंडोजशेजारी. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी दुसरी एसएसडी बसवता येते. पण ताईंचं जुनं काम सीडींवर साठवलेलं आहे, तो ड्राइव्ह त्यांना हवाच होता. बाहेरून लावायच्या एसएसडीला एक यूएसबी पोर्ट कायमचा द्यावा लागला असता. एक डोंगलने, एक माउसने आधीच अडवलेला. म्हणून त्याच डिस्कवर ड्युअल बूट करायचं, म्हणजे यंत्र सुरू करताना दोनपैकी एक सिस्टिम निवडायची, असं ठरलं.

पहिला निर्णय: चौथ्या पार्टिशनपाशी थांबणं

भाच्याने मला विचारण्याआधीच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डी ड्राइव्ह थोडा लहान करून जागा मोकळी केली होती. ते ठीकच होतं. पुढे त्या जागेत नवं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करायला गेल्यावर विंडोजने विचारलं, ही डिस्क बेसिकची डायनॅमिक करू का? तिथे तो थांबला, ‘नाही’ म्हणाला आणि मग त्याने फोन केला.

सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण मी हाच मानतो. एसएसडी बसवणाऱ्याने डिस्कच्या भागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीने केली होती. या पद्धतीत प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशन चारच करता येतात. इथे सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि रिकव्हरी मिळून चार आधीच झाली होती. अशा वेळी विंडोज डायनॅमिक डिस्कचा मार्ग सुचवते. ‘हो’ म्हटलं की लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलरला ती डिस्क हाताळता येत नाही, आणि परत बेसिकवर यायचं तर विंडोज आधी त्यावरचे सगळे व्हॉल्यूम पुसायला लावते. ताईंचं पॅकेज त्याच डिस्कवर होतं.

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्येही हीच अडचण दुसऱ्या रूपात दिसते: मोकळी जागा दिसते, पण तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा असतो. पुष्कळ जण तिथून मागे फिरतात आणि डिस्क खराब आहे असं समजतात.

दुसरा निर्णय: एमबीआर ठेवायची की जीपीटी करायची

डी पार्टिशन काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यातला मजकूर, सुमारे ९० जीबी, दोन वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवला. त्याआधी डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या क्लोनझिला या साधनाने संपूर्ण एसएसडीची प्रतिमा घेतली. पॅकेज परत बसवता येणार नाही म्हटल्यावर नुसत्या फायलींची प्रत पुरेशी नव्हती. डिस्क जशीच्या तशी परत उभी करता येईल अशी प्रत हवी होती.

डी काढल्यावर दोन वाटा खुल्या झाल्या. एमबीआर तशीच ठेवून एक एक्स्टेंडेड पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटातल्या उपभागात, म्हणजे लॉजिकल पार्टिशनमध्ये, लिनक्स टाकायचं. लिनक्सला लॉजिकल पार्टिशनवरून सुरू व्हायला काहीच हरकत नसते. कमी खटपटीची वाट हीच. पण यात ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या विंडोजच्या बूट कोडच्या जागी बसतो. उद्या कुणी लिनक्सचं पार्टिशन पुसलं तर विंडोजही सुरू होत नाही, ती आधी दुरुस्त करावी लागते.

दुसरी वाट म्हणजे डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करून यंत्र सुरू होण्याची जुनी ‘लेगसी’ पद्धत सोडून नव्या यूईएफआय पद्धतीवर आणायचं. यात दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर एका छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. एकाचं बिघडलं तरी दुसरं उभं राहतं, आणि बायोसच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जच्या, बूट यादीतून थेट विंडोज निवडता येते. जोखीम मात्र आधीच घ्यावी लागते, कारण चालू विंडोजखालची डिस्कची रचनाच बदलायची असते.

आम्ही दुसरी वाट घेतली. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचं साधन येतं. डेटा न पुसता ते हे रूपांतर करतं. त्याच्या अटी कडक आहेत: प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत, एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल तर एकही नको. डी काढल्यामुळे आम्ही बरोबर तीनवर होतो. विंडोज ६४ बिट आहे याचीही खात्री आधी करून घेतली, कारण या लॅपटॉपच्या यूईएफआयवर ३२ बिट विंडोज सुरूच झाली नसती.

या साधनाला आधी नुसती तपासणी करायला सांगता येतं. ती निर्धोक पार पडली, मग रूपांतर केलं. त्याने सी मधून थोडी जागा घेऊन ईएफआय पार्टिशन तयार केलं. बायोसमध्ये जाऊन लेगसी काढून यूईएफआय केलं, विंडोज उघडली, डोंगल लावला, पॅकेज सुरू झालं. एक जुनी पत्रिका उघडून तिची पीडीएफ काढून पाहिली, आणि त्यानंतरच लिनक्सचा पेनड्राइव्ह हातात घेतला. मधला हा थांबा मला फार महत्त्वाचा वाटतो. रूपांतर आणि लिनक्सची बसवणी एका दमात केली असती आणि नंतर काही बिघडलं असतं, तर ते कुठल्या पायरीवर बिघडलं हे कळलं नसतं.

बसवणी

लिनक्स मिंट २२ निवडलं. २०२४ साली आलेली ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतनं मिळणार आहेत. विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिची मांडणी परकी वाटत नाही.

डिस्कला हात न लावता आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवलं. वायफाय लागलं, प्रिंटर सापडला, इन्स्क्रिप्ट कळफलक मिळाला. ताईंनी स्वतः बसून एक परिच्छेद टंकला. कळफलक हातात बसतो का, हे दुसऱ्या कुणाला त्यांच्या वतीने सांगता आलं नसतं.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद केलं. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज बंद केली तरी ती पूर्ण बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर ठेवून झोपते. अशा वेळी लिनक्स एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) ड्राइव्हवर लिहू देत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. सी वर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) नव्हतं. ते असेल त्यांनी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसमधलं काहीही बदलू नये.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय असा शब्द लागून. दुसरा घ्यायचा. पहिला घेतला तर लिनक्स लेगसी पद्धतीने बसतं आणि दोन सिस्टिम दोन वेगळ्या पद्धतींच्या होऊन बसतात.

इन्स्टॉलरमधला ‘विंडोजशेजारी बसवा’ हा सोपा पर्याय घेतला नाही. पार्टिशन हाताने केली. कारण डी परत हवा होता, तोही डी याच अक्षराने. पेजमेकरच्या फायलींमध्ये चित्रांचे दुवे पूर्ण मार्गासकट असतात. ड्राइव्हचं अक्षर बदललं असतं तर जुन्या प्रत्येक अहवालाने चित्रं कुठे आहेत असं विचारलं असतं. लिनक्सला ८० जीबी दिले, उरलेल्या जागेत एनटीएफएसचं पार्टिशन करून विंडोजमध्ये त्याला डी हे अक्षर दिलं. ईएफआय पार्टिशन जेमतेम १०० एमबीचं आहे, पण मिंटचे कर्नल त्यात राहत नसल्यामुळे तेवढं पुरतं.

बसवणी झाल्यावर बायोसच्या यादीत मिंटऐवजी ‘उबुंटू’ असं नाव दिसतं. मिंट ते नाव वापरतं, घाबरायचं कारण नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासाचे बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय, पहिले काही आठवडे बंद ठेवलं. मिंट ते चालू असतानाही सुरू होतं. पण ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्यतनानंतर ड्युअल बूटच्या अनेक यंत्रांवर सिक्युअर बूट लिनक्सला अडवू लागलं होतं, आणि त्याचा पुरता बंदोबस्त मे २०२५ च्या अद्यतनात झाला. सुरुवातीलाच शंकेची एक जागा कमी असावी, एवढाच हेतू होता. सगळं स्थिरावल्यावर ते चालू केलं.

पहिले आठवडे: काम दुभंगलं

ठरलं होतं ते असं: विंडोजचं वायफाय बंद. मेल, बँक, व्हॉट्सॲप, ग्राहकांचे पेनड्राइव्ह, सगळं लिनक्समध्ये. पॅकेज आणि पेजमेकर विंडोजमध्ये. दोघांच्या मधे डी.

कागदावर हे नीट दिसत होतं. प्रत्यक्षात पानं लावता लावता ग्राहकाची दुरुस्ती व्हॉट्सॲपवर येई, सोबत नवा फोटो. तो घ्यायला विंडोज बंद करून लिनक्स, मग परत विंडोज. दिवसातून कितीदा तरी असं होऊ लागलं आणि थोड्याच दिवसांत ताईंनी विंडोजचं वायफाय पुन्हा चालू केलं. भाचा वैतागला. ताई त्याला म्हणाल्या, “अरे, माझं गिऱ्हाईक दारात उभं असतं. मी यंत्राची वाट बघू का त्याची?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. डिस्क वाटली होती, काम वाटलं गेलं नव्हतं. म्हणून दुरुस्त्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर येतात ते आम्ही बसून पाहिलं. बहुतेक दुरुस्त्या मजकुराच्या होत्या: नावं, हुद्दे, आकडे. त्या पानं लावल्यावर येत, कारण ग्राहकाला पहिला नमुना पानं लावूनच दाखवला जाई.

तो क्रम बदलला. आता मजकूर आधी लिनक्समध्ये लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) टंकला जातो. साधी पीडीएफ ग्राहकाला जाते आणि नावं, आकडे तिथेच पक्के होतात. फोटोही तेव्हाच गोळा होतात. मगच मजकूर डी वरून विंडोजमध्ये जातो आणि पॅकेजच्या फॉन्टमध्ये रूपांतरित होतो. या रूपांतरात काही अक्षरं हमखास बिघडतात: ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला ऱ, आणि ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये बराच उशिरा आला आणि जुन्या रूपांतरकाला ओळखता येत नाही. म्हणून ताईंनी तपासायच्या अक्षरांची यादी भिंतीवर लावली आहे. रूपांतरानंतर आधी ती पाहायची, मग पानं लावायची.

यानंतर यंत्र पुन्हा सुरू करणं साधारण जेवणाच्या आसपास एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढ्यावर आलं. वायफाय ताईंनी स्वतःहून बंद केलं.

साडेपाच तासांचा घोळ

एका पतसंस्थेच्या अहवालाची कच्ची पीडीएफ सकाळी लिनक्समधून निघाली, अंतिम पीडीएफ दुपारी विंडोजमधून. संध्याकाळी लिनक्समधून छापखान्याला मेल करताना ताईंनी तारखेच्या क्रमाने सर्वांत वरची फाइल उचलली. ती कच्ची निघाली. छापखान्यात फॉन्ट वेगळा दिसला म्हणून तिथून फोन आला. प्लेट निघायच्या आधी चूक सापडली.

कारण असं होतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालते. आपल्याकडे दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. विंडोज इंटरनेटवर असती तर तिने स्वतःची वेळ दुरुस्त करून घेतली असती, पण तिचं वायफाय आम्हीच बंद केलेलं. म्हणून दुपारी दोनला विंडोजमध्ये साठवलेल्या फायलीवर सकाळी साडेआठचा शिक्का बसत होता आणि सकाळी अकराची कच्ची फाइल तिच्यापेक्षा नवी दिसत होती.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून तिला जागतिक वेळ वाचायला लावता येतं, किंवा लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. लिनक्सची आज्ञा दुसऱ्या उपायाबद्दल इशारा देते. तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी महत्त्वाचा आहे. भारतात तसं होत नाही, आणि विंडोजला शक्य तितका कमी हात लावायचा हे धोरण होतंच. म्हणून लिनक्सच्या बाजूने बदल केला. शिवाय फायलींच्या नावातच दिनांक आणि आवृत्ती घालायची पद्धत सुरू केली.

आजची स्थिती

दोन्ही सिस्टिम चालू आहेत. बँकेचं काम, मेल आणि येणारे पेनड्राइव्ह विंडोजपासून दूर गेले. टंकनाचा बराचसा वेळ आता लिनक्समध्ये जातो, कारण युनिकोडमधला मजकूर ग्राहकाला व्हॉट्सॲपवरही तसाच पाठवता येतो. जुनं काम मात्र पॅकेजच्या फॉन्टमध्येच आहे आणि ते लिनक्समध्ये उघडलं की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. एका छापखान्याने नुसती पीडीएफ स्वीकारायला सुरुवात केली आहे. त्याची काही कामं पॅकेजशिवाय पूर्ण होतात.

वेगळं काय करता आलं असतं

दुसऱ्या डिस्कचा पर्याय अधिक चिकाटीने पाहायला हवा होता. एक यूएसबी हब घेतला असता तर पोर्टचा प्रश्न सुटला असता आणि बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स टाकून विंडोजच्या डिस्कला अजिबात हात लावावा लागला नसता. जिथे परत न बसवता येणारं सॉफ्टवेअर आहे तिथे मी आता हाच मार्ग आधी सुचवतो, वेग थोडा कमी मिळाला तरी.

क्लोनझिलाची प्रतिमा घेतली आणि ती नीट आहे का हे त्याच साधनाने तपासलं, पण दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्यावरून यंत्र सुरू करून पाहिलं नाही. हाताशी तेवढ्या आकाराची रिकामी डिस्क नव्हती. अशी डिस्क एक दिवस उसनी मिळाली तरी ही चाचणी करावी. तीच डिस्क मग पॅकेजसकट उभी राहणारी तयार प्रतही होते, आणि सीडी वाचली जात नाही म्हटल्यावर ताईंच्या दृष्टीने तिची किंमत लिनक्सपेक्षाही जास्त आहे. येत्या सुट्टीत भाचा हे काम करणार आहे.

कामाची वाटणीही आधी कागदावर करून पाहता आली असती. पार्टिशनला हात लावण्याआधी आठवडाभर विंडोजचं वायफाय बंद ठेवून, मेल आणि व्हॉट्सॲप फक्त फोनवर घेऊन काम केलं असतं, तर दुरुस्त्यांची अडचण तेव्हाच उघड झाली असती. त्यासाठी लिनक्सचीही गरज नव्हती.